इंजिनवरचे व्हॅक्यूम पाइप कसे ओळखायचे? आधी फोटो, मग हात!

थ्रॉटल साफ करायला मी आमच्या जुन्या पेट्रोल कारचं बॉनेट उघडलं आणि चार-पाच रबरी पाइप भराभर काढून ठेवले. परत लावताना सगळे सारखेच दिसायला लागले. अंदाजाने लावले आणि गाडी सुरू केली, तर इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होतोय आणि कुठून तरी 'स्स्स' आवाज येतोय. तरी पार्किंगमध्ये गाडी जरा पुढे घेतली आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक! हँडब्रेक ओढला म्हणून भिंतीवर आदळलो नाही. ओळखीचे मेकॅनिक काका आले, एक जाड पाइप नीट आत ढकलून त्यांनी क्लिप लावली आणि म्हणाले, "दिवसभर फोन हातात असतो ना तुझ्या? एक फोटो काढता आला नाही?"

व्हॅक्यूम येतो कुठून?

इंजिन हवा सतत आत ओढत असतं. पण पाय अॅक्सिलरेटरवर नसेल तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे तिच्या पुढच्या भागात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. ही ओढ वेगवेगळ्या कामांना वापरायची म्हणून मॅनिफोल्डला छोट्या नळ्या काढलेल्या असतात. डिझेल इंजिनात अशी ओढ सहसा मिळत नाही, म्हणून तिथे ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

कुठला पाइप कशाचा?

पाइपचं दुसरं टोक कुठे जातं ते बघा. ओळख तिथेच पटते.

• ब्रेक बूस्टर: सहसा सगळ्यात जाड. ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यावर बसवलेल्या मोठ्या गोल डब्याकडे जातो. त्यात हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, तो उलटा लावू नका.

• पीसीव्ही: इंजिनच्या वरच्या कव्हरवरून येतो. आतली तेलकट वाफ पुन्हा जळायला पाठवतो, म्हणून आतून तेलकट असतो.

• पर्ज: बारीक पाइप, मध्ये वायर जोडलेला छोटा व्हॉल्व्ह. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यातून इंजिनकडे आणतो.

• मॅप सेन्सर: फोनमधल्या मॅपशी याचा संबंध नाही! हा मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. काही गाड्यांत त्याला बारीक पाइप असतो, बऱ्याच गाड्यांत तो थेट मॅनिफोल्डवरच बसवलेला असतो.

सावधान: थ्रॉटलला जोडलेले सगळे पाइप व्हॅक्यूमचे नसतात. काहींमधून कूलंट वाहतं. पेट्रोलचा पाइपही जवळच असतो आणि त्यात दाब असतो. खात्री नसेल तर तो पाइप काढूच नका.

काढण्याआधी हे करा

१. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असू द्या.
२. आधी लांबून एक फोटो, मग प्रत्येक जोडाचा जवळून. प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो त्याचा सावकाश व्हिडिओ काढा.
३. पाइप आणि त्याची नळी, दोन्हींवर चिकटपट्टी लावून एकच नंबर लिहा.
४. पाइप सरळ ओढू नका, आधी थोडा पिळून सैल करा. जुनी प्लॅस्टिकची नळी पटकन तुटते.

लावून झाल्यावर

'स्स्स' आवाज येत असेल किंवा इंजिनचा वेग स्थिर नसेल, तर कुठेतरी पाइप निघालाय किंवा चिरलाय. मग ब्रेक तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मग ते दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं, तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

मी ही तपासणी केली असती, तर गाडी जागेवरच उभी राहिली असती. आता बॉनेट उघडलं की पाना नंतर, आधी कॅमेरा!