शेवटच्या अणूपर्यंत फोडलेला चुंबक

परतूर तालुक्यातल्या आष्टीत फुटक्या स्पीकरमधला चुंबक ओढ्याच्या वाळूतून फिरवला, की त्याला काळी दाढी फुटते. दख्खनच्या काळ्या दगडातून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे हे कण. चुंबक फोडला तर दोन चुंबक होतात, हेही पोरांना ठाऊक असतं. पण फोडत फोडत अगदी अणूपर्यंत गेलो तर?

‘तुकडा बारीक, तर चुंबकत्वही बारीक’ असं बहुतेकांना वाटतं. एकूण ताकदीपुरतं ते खरं आहे. दर अणूमागे हिशोब मांडला की मात्र तो उलटतो. कोबाल्टच्या ढेकळात प्रत्येक अणूला 12 शेजारी असतात आणि त्या गर्दीत इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय फिरण्यातून येणारं चुंबकत्व जवळजवळ दबून जातं. 2003 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगात प्लॅटिनमच्या गुळगुळीत पृष्ठावर कोबाल्टचे सुटे अणू ठेवले गेले. शेजार सुटला आणि कक्षीय चुंबकत्व सुमारे सातपट झालं. अणूचं चुंबकत्व एका ठरावीक दिशेला धरून ठेवणारी ऊर्जा तर 200 पट निघाली! यात वाटा एकट्या कोबाल्टचा नाही, खालच्या प्लॅटिनमचाही आहे. बैठक बदलली की तोच अणू वेगळा वागतो.

‘जो धातू चुंबकाला चिकटत नाही, तो कधीच चुंबक होत नाही’ हेही खरं नाही. रोडियमचा तुकडा चुंबकीय नसतो. पण 12 ते 32 अणूंचे त्याचे गुच्छ चुंबकीय असल्याचं 1993 मध्ये अमेरिकेत दिसलं. ते गुच्छ मात्र पृष्ठावर बसवलेले नव्हते, मोकळे उडत होते.

हे वाचून कुणी म्हणेल, मग एका अणूवर माहिती साठवा की! हा तिसरा गैरसमज, आणि मला वाटतं सगळ्यात फसवा. प्लॅटिनमवरच्या त्या अणूला जी ऊर्जा धरून ठेवते, तिच्या जवळपास तिप्पट ऊर्जा आपल्या खोलीतल्या साध्या उष्णतेत असते. त्यामुळे त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. शेजाऱ्यांच्या आधाराने दिशा टिकावी म्हणून अणूंची एकेरी रांग केली तरी शेजारी दोनच, एक अलीकडे आणि एक पलीकडे. 2002 मध्ये याच कोबाल्टच्या रांगा प्लॅटिनमच्या पायऱ्यांवर रचल्या होत्या. त्यांचं चुंबकत्व एकाच दिशेला टिकलं, पण उणे 258 अंश सेल्सिअसच्या खाली. कोबाल्टचं ढेकूळ मात्र 1100 अंशांपर्यंत तापवलं तरी लोहचुंबकीय राहतं.

म्हणजे शेजार कमी झाला की अणू जोमदार होतो आणि एकटाही पडतो. दोन्ही एकाच वेळी. सेतू केंद्रातल्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्यातला चुंबकीय कण जेमतेम 8 नॅनोमीटर रुंदीचा असतो, पण त्यातही हजारो अणू असतात. त्याहून फार बारीक केला, तर उष्णता त्यावरची नोंद पुसून टाकते.