मिक्सर खरे तर कुटतो

पदार्थ बारीक करायला मराठीत एकच क्रियापद पुरत नाही. मसाला कुटतात, पीठ दळतात, चटणी वाटतात, भाजी चिरतात. यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळे बल आहे. खलबत्त्यात घाव बसतो. जात्यात दाणा दोन दगडांमध्ये सापडून घासला जातो. पाट्यावर तो वरवंट्याखाली दाबलाही जातो आणि फरफटतोही. विळीची धार त्याला दुभागते. मिक्सरकडून ही सगळी कामे करून घेतली जातात, पण त्याला मनापासून येते ते एकच, कुटणे. कोणते काम त्याला झेपते आणि कोणत्या कामात मोटरचा जळका वास सुटतो, हे बहुतांशी यावरूनच ठरते.

आपल्याकडच्या मिक्सरची मोटर मोकळी फिरताना मिनिटाला साधारण १८,००० ते २०,००० फेरे घेते. पाते टोकापासून टोकापर्यंत ६ सेंटिमीटर धरले, तर १८,००० फेऱ्यांना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५६ मीटर होतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. सुक्या मसाल्याचे पाते सुरीइतके धारदार नसते आणि त्याने फारसे अडतही नाही, कारण ते कापत नाही, आपटते. मात्र या आपटण्यामागचा सलग जोर थोडाच असतो. ७५० वॉटची सगळीच्या सगळी शक्ती पात्यापर्यंत पोचली असे धरले, तरी पूर्ण वेगात टोकाशी मिळणारा जोर सव्वा-दीड किलो वजनाएवढा भरतो. बत्त्याच्या एका घावापुढे तो किरकोळ आहे. मिक्सर कमावतो ते संख्येवर: दोनच टोकांचे पाते धरले तरी सेकंदाला ६०० तडाखे.

अशा हलक्या पण अगणित तडाख्यांना ठिसूळ पदार्थ पटकन शरण जातो. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. साखर, मिरी, धणे, बर्फ हे ठिसूळ पदार्थ: एक बारीकशी चीर पडली की ती आरपार धावते. हळकुंडाची गोष्ट जरा निराळी आहे. हळद शिजवून वाळवतात तेव्हा तिच्यातला स्टार्च फुगून एकजीव होतो आणि वाळल्यावर शिंगासारखा घट्ट होतो. अशा हळकुंडाला तडा जायला एक जोराचा घाव लागतो, आणि तेवढा जोर मिक्सरच्या पात्यात नसतो. अख्खे हळकुंड भांड्याची भिंत आणि पाते यांत अडकले, तर पाते जागीच थांबते. खलबत्त्यात त्याचे चण्याएवढे तुकडे करून घेतले की पुढचे काम मिक्सर सहज करतो. खडीसाखरेच्या मोठ्या खड्यांनाही हेच लागू.

चिवट पदार्थांत मात्र चीर धावतच नाही, वाटेतच थांबते. दमट सुकी मिरची याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या पेशीभित्तिकांमधले पाणी वंगणासारखे काम करते, लांबलचक रेणू एकमेकांवर सरकू शकतात आणि तडाखा बसला की मिरची तुटण्याऐवजी वाकते. ती उन्हात तापवली किंवा मंद आचेवर भाजली की पाणी जाते आणि तीच मिरची बोटांत कुरकुरते. वर्षभराचा मसाला चैत्र-वैशाखातल्या उन्हात करायचा, मिरची-धणे वाळवायचे, भाजायचे आणि मग डंकावर न्यायचे, या रिवाजात पदार्थविज्ञान काठोकाठ भरलेले आहे. भाजलेला मसाला निवू देण्यालाही कारण आहे. गरम मसाल्यातून निघणारी वाफ बंद भांड्यात झाकणाला भिडून पुन्हा पाणी होते आणि पूड गोळा होते. सुंठ कितीही वाळवली तरी तिच्यातल्या लांब तंतूंचा चिवटपणा शिल्लक राहतो. ते पात्याबरोबर नुसते फिरतात. सुंठीची पूड चाळून वरचा चोथा वेगळा करण्याला पर्याय नाही.

बारीक आणि अतिबारीक यांत मोठे अंतर आहे. एक सेंटिमीटरच्या घनाचे दशांश मिलिमीटरचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटरवरून ६०० वर जातो. दळायला लागणारी ऊर्जा नव्याने तयार होणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते, असा नियम ऑस्ट्रियन अभियंते रिटिंगर यांनी १८६७ मध्ये मांडला. त्यामुळे भरड करायला क्षणभर पुरतो आणि पिठासारखी पूड करायला मिनिटे जातात. शिवाय कण फार हलके झाले की भांड्यातल्या हवेबरोबर वाहू लागतात आणि पात्याच्या तावडीतून निसटतात. दळण्याच्या कोणत्याही यंत्रात खर्च झालेल्या ऊर्जेचा अगदी थोडा वाटा नवा पृष्ठभाग घडवण्यात जातो, बाकीची उष्णता होते. मसाल्याचा सुगंध सहज उडून जाणाऱ्या तेलांत असतो, म्हणून मसाला सलग फिरवला की घरभर वास दरवळतो आणि डब्यात तो कमी राहतो. काही कारखान्यांत यावर उपाय म्हणून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने मसाले गोठवून दळतात. गारठ्याने ते ठिसूळही होतात, म्हणजे एका उपायात दोन कामे होतात.

तेलकट पदार्थांचा त्रास वेगळा. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक आणि शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. पेशी फुटल्या की ते बाहेर येते, उष्णतेने पातळ होते आणि कणांना एकमेकांशी चिकटवते. कूट हवा असताना हाती लगदा येतो. मिक्सरचे बटण उलट्या बाजूला क्षणभर फिरवून सोडण्याची सोय अशाच कामासाठी आहे. थांबून थांबून फिरवल्याने वरचे दाणे खाली येतात आणि तेल तापायला वेळ मिळत नाही.

ओल्या वाटणात खरी कसोटी दाटपणाची. पातळ मिश्रणात पाते फिरले की मधोमध भोवरा होतो, मिश्रण कडेने वर चढते आणि मधून पुन्हा पात्यावर येते. मिश्रण घट्ट असेल तर हे चक्र तुटते. पाते आपल्याभोवतीचे मिश्रण बाहेर फेकते, तिथे हवेचा पोकळ कप्पा तयार होतो आणि मोटर मोठ्याने घोंघावत असताना वाटण जागचे हलत नाही. चमच्याने खाली लोटणे (मिक्सर बंद करूनच) किंवा दोन चमचे पाणी घालणे, एवढेच हाती उरते. परदेशी बनावटीच्या काही जोरकस ब्लेंडरना झाकणातून आत जाणारा दांडका असतो, तो हाच कप्पा मोडण्यासाठी.

इडलीसाठी भिजवलेली उडदाची डाळ मिक्सरमध्ये वाटली जाते, पण तापते. पात्याकडून ३०० वॉट शक्ती दोन मिनिटे अर्धा किलो पिठात गेली, तर त्याचे तापमान सुमारे २० अंशांनी चढते. त्यासाठी बर्फाचे पाणी घालतात. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरमध्ये दगड मिक्सरच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या वेगाने फिरतात, डाळ दाबतात आणि घासतात, पीठ थंड राहते आणि फुगते. ते खरे वाटणे आहे, आणि दगडाच्या त्या कामाची बरोबरी पाते करू शकत नाही.

मिक्सर दमतो तो मोटरपाशी. त्यातल्या मोटरचा गुण असा की भार वाढला की तिचा वेग उतरतो आणि ती अधिक वीजप्रवाह ओढून अधिक जोर लावते. प्रवाह दुप्पट झाला की तारांच्या गुंडाळीत उष्णता चौपट होते. मोटरला गार ठेवणारा पंखा मात्र तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो, म्हणजे उष्णता सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच वारा सर्वांत कमी. पाते पूर्ण अडकले तर प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि तारेवरचे आवरण जळू लागते. त्याआधीच वीज तोडण्यासाठी आत भाररक्षक असतो. तळाचे लाल बटण दाबून तो पूर्ववत करता येतो, पण मोटर निवल्यावरच. सलग न चालवता मधे विसावा देण्याची सूचना याच हिशेबातून आलेली आहे.

हा प्रश्न भारतीय स्वयंपाकाने फार लवकर ऐरणीवर आणला. मिल्कशेक आणि केकच्या मिश्रणासाठी घडवलेली विदेशी यंत्रे इथल्या वाटणापुढे टिकत नव्हती. १९६० च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा असाच एक मिक्सर जळाला आणि त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या आग्रहातून त्यांनी इथल्या वाटणाला पुरेल असे यंत्र घडवले. तो ‘सुमीत’. जोरदार मोटर, स्टीलची भांडी आणि सुक्या-ओल्या कामांसाठी वेगवेगळी पाती हा आजचा साचा त्याच यंत्राने घराघरांत रुजवला.

फूड प्रोसेसरची गोष्ट उलट्या टोकाची आहे. फ्रान्समध्ये पिएर व्हर्दाँ यांनी तो हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी तयार केला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘माजिमिक्स’ ही त्याची घरगुती आवृत्ती आली. त्याचे भांडे रुंद, पाते लांब आणि वेग कमी. कणीक मळणे हे कुटण्याच्या अगदी विरुद्ध काम: गव्हातल्या ग्लुटेनचे जाळे तोडायचे नसते, ताणून बांधायचे असते, आणि त्याला वेग नको, पीळ देणारा जोर, म्हणजे टॉर्क, हवा. फेरे १८,००० वरून १,५०० वर आणले तर तेवढ्याच शक्तीत टॉर्क १२ पट मिळतो. म्हणून मिक्सरच्याच मोटरवर चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये वेग उतरवणारी यंत्रणा मधे घातलेली असते. गव्हाची कणीक त्यात मिनिट-दीड मिनिटात मळून होते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्याने बांधण्याजोगे जाळेच नसते. भाकरीचा उंडा आधणाच्या पाण्याने आणि तळहाताच्या रेट्यानेच एकजीव होतो.

मोटर आणि भांडे यांना जोडणारा कपलर बहुधा रबराचा किंवा नायलॉनचा असतो, आणि तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. पाते अडकले की आधी त्याचे दाते झिजतात आणि आर्मेचर वाचते. भांड्याच्या तळाशी असलेल्या बुशची झीज मात्र हळूहळू होते. तिथले सील सैल झाले की वाटणाचे पाणी खाली झिरपते, बुशमधले तेल धुऊन जाते आणि पाते जड फिरू लागते. भांडे उलटे करून हाताने कपलर फिरवून पाहिला की हे कळते: तो मोकळा फिरत नसेल, तर पातळ ताकालाही मोटर हळकुंडाइतकी कष्टते.