एमजीबीचे जुळे कार्बोरेटर

अंबाल्याहून येणारी वाहने झिरकपूरला सिमल्याच्या रस्त्याला लागतात. तिथली उंची जेमतेम तीनशे मीटर, सिमल्याची सुमारे बावीसशे. वर हवा विरळ होत जाते, पण कार्बोरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. मिक्श्चर रिच होते, धूर काळा पडतो, पिकअप मरतो. आजच्या गाडीत हे काम संगणक सांभाळतो. जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये ते मेकॅनिकच्या बोटांवर असते.

एमजीबी ही अशीच गाडी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला ती १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. इंजिन १७९८ सीसीचे आणि त्याला सुरुवातीची अनेक वर्षे शेजारी शेजारी दोन ‘एसयू एचएस४’ कार्बोरेटर. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये जीन डेंटन एमजीबी घेऊनच उतरल्या होत्या. त्या शर्यतीचा आशियातला टप्पा दिल्लीमार्गे मुंबईला संपला आणि तिथून गाड्या ‘चुसान’ बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराणे बुटांच्या धंद्यातले, त्यामुळे १९०५ च्या सुमाराच्या मूळ रचनेत चामड्याचा भाता होता यात नवल नाही! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन जितकी हवा ओढते तितका हा पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाची निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलाची वाट मोठी होते. जेट एकच, सुई एकच.

रचना सोपी असली तरी झीज लबाड असते. गाडी आयडलिंगला थरथरू लागली की पुष्कळ जण स्क्रू पिळत बसतात. दोष बहुधा थ्रॉटलच्या स्पिंडलमध्ये निघतो. दांडी आणि तिचे भोक झिजले की तिथून चोरटी हवा आत शिरते. मग कुठलेही ट्युनिंग टिकत नाही. भोक मापात मोठे करून बुश बसवणे आणि नवा स्पिंडल घालणे, हेच खरे रिबिल्डिंग. ॲल्युमिनियम आरशासारखे चकाकवणे ही फक्त रंगरंगोटी.

पिस्टन आणि त्यावरची टोपी ही जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोन्ही कार्बोरेटर एकाच ट्रेमध्ये उघडून सुट्या भागांची अदलाबदल करणारा पुढचा आठवडा डोके धरून बसतो. जोडी तपासायची तर डॅम्पर लावून, पिस्टनची भोके बंद करून ती उलटी धरतात. एचएस४ ची टोपी पाच ते सात सेकंदांत खाली यायला हवी. लवकर आली तर झीज, अडकली तर घाण किंवा पोचा.

मग दोन्ही कार्बोरेटरांची हवा सारखी करायची. मीटर नसेल तर रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून सुसकारा ऐकतात. शेवटी पिस्टन किंचित उचलायचा: इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी.

आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले आहे. त्यात जुने रबर आणि सील लवकर बिघडतात, मिक्श्चरही लीन होते. एसयूचे सुटे भाग इंग्लंडमधली बर्लेन कंपनी आजही बनवते. तेव्हा मूळ जोडी काढून एकच वेबर कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी स्पिंडल हलवून पाहा.