अमेरिकेतील मालवाहू वाफेची इंजिने : रचनातत्त्वे आणि पुनर्बांधणी

प्रस्तावना

१० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत कोळसा, लोहखनिज, धान्य आणि लाकूड यांची त्या देशातील वाहतूक प्रामुख्याने वाफेच्या इंजिनांवर अवलंबून राहिली. रेल्वेच्या इतिहासात प्रवासी गाड्यांच्या वेगवान इंजिनांना जेवढे कौतुक लाभले तेवढे मालगाड्यांच्या इंजिनांना लाभले नाही. वस्तुतः रेल्वे कंपन्यांचे मुख्य उत्पन्न मालवाहतुकीतून येत असे आणि रचनेचे अवघड प्रश्नही तेथेच उभे राहत. प्रस्तुत लेखात या इंजिनांच्या रचनेमागील तत्त्वे, त्यांत झालेले बदल आणि जुन्या इंजिनांच्या पुनर्बांधणीची दोन वेगवेगळी रूपे यांचा परामर्श घेतला आहे. पहिले रूप रेल्वे कंपन्यांनी सेवेतील इंजिनांचा कायापालट करण्याचे, तर दुसरे निवृत्त इंजिनांना पुन्हा चालते करण्याचे आहे.

कर्षणबल : रचनेचा प्रारंभबिंदू

अमेरिकेत इंजिनांचे वर्गीकरण चाकांच्या संख्येवरून केले जाते. ‘२-८-२’ या आकड्यांतील पहिला अंक पुढच्या मार्गदर्शक चाकांचा, मधला चालक चाकांचा आणि शेवटचा मागच्या आधारचाकांचा असतो. फ्रेडरिक व्हाइट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत इंजिनाची अर्धी कहाणी सांगून टाकते. मालवाहू इंजिनाला चालक चाके अधिक लागतात, कारण रुळावरची पकड ही चालक चाकांवर पडणाऱ्या वजनातून येते.

साध्या प्रसरणाच्या, दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे कर्षणबल एका सोप्या सूत्राने काढतात. वाफेचा दाब, सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग आणि दट्ट्याच्या फेऱ्याची लांबी यांचा गुणाकार करून त्यास चालक चाकाच्या व्यासाने भागावयाचे आणि येणाऱ्या उत्तराचे ८५ टक्के घ्यावयाचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शासनाने रेल्वे आपल्या नियंत्रणाखाली घेतली व १९१८ मध्ये इंजिनांचे प्रमाणित नमुने ठरविले. त्यांपैकी हलक्या ‘मिकाडो’ अर्थात २-८-२ इंजिनाचा दाब दर चौरस इंचास २०० पौंड, सिलिंडर २६ इंच व्यासाचे व ३० इंच फेऱ्याचे आणि चाके ६३ इंचांची होती. सूत्रानुसार त्याचे कर्षणबल सुमारे ५४,७०० पौंड येते. चालक चाकांवरील वजन सुमारे २,२०,००० पौंड, म्हणजे कर्षणबलाच्या चौपट होते. हे प्रमाण चारच्या फार खाली गेले की चाके जागच्या जागी फिरू लागतात.

या सूत्रावरून एक मोह उत्पन्न होतो. चाके लहान ठेवली व सिलिंडर मोठे केले की कर्षणबल वाढते. १८६६ मध्ये लीहाय व महानॉय रेल्वेसाठी अलेक्झांडर मिचेल यांनी आखलेल्या २-८-० ‘कन्सॉलिडेशन’ प्रकारापासून पुढील सुमारे अर्धशतक मालवाहू इंजिनांची वाढ बहुतांशी याच दिशेने झाली. गाडी जड आणि गती मंद असे तिचे स्वरूप होते.

जोडइंजिनांचा मार्ग

एका ताठ चौकटीत चालक चाकांच्या जोड्या किती बसवाव्यात, यास वळणांची मर्यादा आहे. एका आसावर किती भार द्यावा, यास रूळ व पूल यांची मर्यादा आहे. या पेचातून फ्रेंच अभियंता अनातोल माले यांच्या कल्पनेने वाट काढली. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन स्वतंत्र संच ठेवावयाचे, मागचा संच पक्का आणि पुढचा संच बिजागरीवर वळणारा. मागच्या सिलिंडरांत वापरलेली वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत पुन्हा वापरली जाई. १९०४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे २४०० क्रमांकाचे इंजिन हे या पद्धतीचे अमेरिकेतील पहिले इंजिन ठरले.

दुबार वापरामुळे वाफेची बचत होत असली तरी पुढचे अवजड सिलिंडर व त्यांचे दट्टे वेग वाढू देत नसत. पुढे दोन्ही संचांना थेट बॉयलरची वाफ देणारी जोडइंजिने आली. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९३६ मध्ये रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात बांधलेला २-६-६-४ ‘ए’ वर्ग हे त्यांचे उत्तम उदाहरण आहे. युनियन पॅसिफिकची ४-८-८-४ ‘बिग बॉय’ इंजिने याच परंपरेची परिणती होत. १९४१ मध्ये वीस व १९४४ मध्ये पाच अशी एकूण पंचवीस इंजिने बांधली गेली. ३०० पौंड दाब, ६८ इंचांची चाके आणि चार सिलिंडर यांतून त्यांचे कर्षणबल १,३५,३७५ पौंड होते.

बळाकडून शक्तीकडे

कर्षणबल गाडी हलविते. ती वेगाने नेण्यासाठी शक्ती लागते आणि शक्तीचे उगमस्थान सिलिंडर नसून बॉयलर असतो. बॉयलर जेवढी वाफ सातत्याने पुरवू शकेल तेवढेच काम इंजिनाकडून होते. हा विचार ओहायो राज्यातील लिमा कारखान्याचे अभियंता विल्यम वुडर्ड यांनी रचनेच्या केंद्रस्थानी आणला. जाळीचे क्षेत्रफळ वाढविले तर अधिक कोळसा समाधानकारक रीतीने जळतो. परंतु मोठ्या फायरबॉक्सचे वजन पेलण्यास मागची दोन आधारचाके अपुरी पडतात. म्हणून त्यांनी तेथे चार चाके दिली. अशा रीतीने १९२५ मध्ये २-८-४ प्रकारचे ‘ए-१’ इंजिन तयार झाले. त्याची जाळी १०० चौरस फुटांची होती. वर उल्लेखिलेल्या मिकाडोची जाळी ६६.७ चौरस फुटांची होती.

एप्रिल १९२५ मध्ये बॉस्टन अँड ऑल्बनी रेल्वेवर सेल्कर्कपासून घेतलेली चाचणी प्रसिद्ध आहे. १,६९१ टनांची गाडी घेऊन एक मिकाडो इंजिन निघाले. त्यानंतर ४७ मिनिटांनी ए-१ इंजिन २,२९६ टनांची गाडी घेऊन निघाले आणि नॉर्थ ॲडम्स जंक्शन येथे १० मिनिटे आधी पोहोचले. भार सुमारे ३६ टक्के अधिक असूनही वेळ जवळजवळ एक तासाने कमी लागला. गाडी किती जड, एवढेच न पाहता ती किती वेळात पोहोचली हेही मोजले पाहिजे, ही जाणीव या चाचणीने दृढ केली.

याच काळात इतर सुधारणाही स्थिरावल्या. वाफ अतितप्त केल्याने सिलिंडरमध्ये तिचे पाणी होणे टळले. यांत्रिक कोळसाभरणीमुळे मोठ्या जाळीला हाताने कोळसा घालण्याची मर्यादा उरली नाही. अनेक तुकडे बोल्टांनी जोडलेल्या चौकटीऐवजी एकसंध ओतीव पोलादाची चौकट आली. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने प्रात्यक्षिकासाठी बांधवून घेतलेल्या ११११ क्रमांकाच्या इंजिनाने सर्व आसांवर रोलर बेअरिंग वापरता येतात हे दाखवून दिले.

सेवेतील इंजिनांची पुनर्बांधणी

नव्या विचाराची इंजिने आली तरी जुनी शेकडो इंजिने रेल्वे कंपन्यांच्या हाती होती. त्यांचे बॉयलर धडधाकट होते. कालबाह्य झाली होती ती त्यांची मांडणी. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने केंटकीतील पडुका येथील कारखान्यात १९३७ पासून पुनर्बांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. २-१०-२ इंजिनांचे बॉयलर वापरून तेथे ४-८-२ इंजिने घडविली गेली.

या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण रेडिंग रेल्वेच्या ‘टी-१’ वर्गाचे आहे. १९४५ ते १९४७ या काळात या कंपनीने आपल्या २-८-० प्रकारच्या तीस इंजिनांपासून तीस ४-८-४ इंजिने तयार केली. जुना बॉयलर पुढच्या बाजूस लांब करण्यात आला, त्याखाली नवी ओतीव चौकट आली आणि चाकांचा व्यास ६१.५ इंचांवरून ७० इंच झाला. सिलिंडरची मापे २७ व ३२ इंच अशीच राहिली. दाब मात्र २२० पौंडांवरून २४० पौंडांवर गेला.

येथे सूत्र लावून पाहिले असता प्रथमदर्शनी विसंगत वाटणारी गोष्ट दिसते. जुन्या इंजिनाचे कर्षणबल सुमारे ७१,००० पौंड येते; नव्याचे सुमारे ६८,०००. एवढा खर्च करून कंपनीने बळ कमी करून घेतले काय? याचे उत्तर चाकांच्या फेऱ्यांत आहे. ताशी ४० मैल वेगाने जाताना ६१.५ इंचांचे चाक मिनिटाला सुमारे २१९ फेरे घेते, तर ७० इंचांचे सुमारे १९२. दट्टे व दांडे यांचा तोल साधण्यासाठी चाकात बसविलेली वजने प्रत्येक फेऱ्यात रुळावर घाव घालतात आणि तो घाव फेऱ्यांच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाकी सर्व समान धरले तरी त्याच वेगाला हा घाव जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो. शिवाय लांब बॉयलरमुळे वाफेचा पुरवठा वाढतो. तात्पर्य, रेडिंगने निघतानाचे थोडे बळ देऊन धावतानाची बरीच शक्ती मिळविली.

तथापि या कायापालटाचा काळ अल्प ठरला. १९३९-४० मध्येच ‘एफटी’ या मालवाहू डिझेल इंजिनाचे अनेक रेल्वेमार्गांवर प्रात्यक्षिक झाले होते. युद्धानंतर डिझेलीकरणाला वेग आला आणि १९६० पर्यंत मोठ्या अमेरिकी रेल्वेमार्गांवरील वाफेची नियमित सेवा संपली.

निवृत्त इंजिनांचे पुनरुज्जीवन

दुसऱ्या प्रकारच्या पुनर्बांधणीचा हेतू निराळा आहे. निकेल प्लेट रेल्वेचे ७६५ क्रमांकाचे २-८-४ इंजिन लिमा कारखान्यात १९४४ मध्ये तयार झाले. १९६३ मध्ये ते फोर्ट वेन शहरातील उद्यानात ठेवले गेले. शहराला हवे होते ७६७. परंतु ७६५ अधिक चांगल्या स्थितीत असल्याने त्यालाच तो क्रमांक रंगवून देण्यात आला. स्थानिक रेल्वेप्रेमींच्या संस्थेने ते उद्यानातून काढून १९७९ मध्ये पुन्हा चालते केले व त्याचा मूळ क्रमांक त्यास परत दिला. पुढे १९९३ मध्ये थांबलेले हे इंजिन दुसऱ्या संपूर्ण पुनर्बांधणीनंतर सुमारे बारा वर्षांनी पुन्हा धावू लागले.

अशा कामात पहिला प्रश्न बॉयलरचा असतो. ३०० पौंड दाबाच्या बॉयलरमध्ये फायरबॉक्सच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे साडेएकोणीस टन भार येतो. तो पेलण्यासाठी फायरबॉक्सचा पत्रा बाहेरच्या कवचाशी असंख्य ताणबोल्टांनी जोडलेला असतो. फायरबॉक्सच्या छतावर पाणी असेपर्यंत पत्रा थंड राहतो. पाणी खाली गेले की पोलाद मऊ होऊन छत खचते. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातील गार्डनर्सजवळ एका सहलीच्या गाडीच्या इंजिनात हेच घडले आणि तिघे कर्मचारी भाजले. त्या इंजिनाच्या छतात ठरावीक अंतरावर निराळ्या डोक्याचे बोल्ट होते. त्यामुळे छत एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने खचले व मोठा स्फोट टळला. जुन्या रचनाकारांची दूरदृष्टी अनेक दशकांनंतर कामी आली, हे या अपघाताच्या चौकशीतून दिसून आले.

अमेरिकेत इंजिनांच्या बॉयलर-तपासणीचा केंद्रीय कायदा १९११ पासून होता. वरील अपघातानंतर नियमांची फेरमांडणी झाली आणि २००० पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार सेवेचे १,४७२ दिवस किंवा पंधरा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा नळ्या काढून बॉयलरची आतून-बाहेरून तपासणी करावी लागते. पत्र्यांची जाडी ध्वनिलहरींनी मोजून सुरक्षा-गुणांक किमान चार असल्याचे गणिताने दाखवावे लागते. पाण्याने केलेली दाबचाचणी कमाल अनुज्ञेय दाबाच्या सव्वापट असते.

युनियन पॅसिफिकने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथील संग्रहालयाकडून ४०१४ क्रमांकाचे बिग बॉय परत घेतले. २०१४ मध्ये ते वायोमिंगमधील शायेन येथे नेण्यात आले. तेथील पुनर्बांधणीत ते कोळशाऐवजी तेलावर चालणारे करण्यात आले. मे २०१९ मध्ये, लोहमार्गाच्या जोडणीस दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, ते ऑग्डेन येथे पोहोचले. जळण बदलल्यावर हे मूळ इंजिन राहिले काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. परंतु सेवाकाळातही नळ्या, चाकांच्या पोलादी धावा व बेअरिंगे वारंवार बदलली जात. बॉयलरसुद्धा एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात. बदल हा या यंत्रांचा जीवनक्रमच होता. मूळपण जपावयाचे तर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

भारतीय संदर्भ

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून २-८-२ प्रकारची ‘एडब्ल्यूडी’ व ‘एडब्ल्यूई’ वर्गांची ब्रॉडगेज मालवाहू इंजिने भारतात आली. त्यांपैकी बाल्डविन कारखान्यात बांधलेले २२९०७ क्रमांकाचे ‘विराट’ हे इंजिन हरियाणातील रेवाडी येथे जतन केलेले आहे. अमेरिकी रचनापरंपरेचा एक अवशेष भारतीय अभ्यासकांनाही त्यामुळे जवळून पाहता येतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, मालवाहू इंजिनाच्या रचनेचा प्रवास कर्षणबलाकडून सातत्यपूर्ण शक्तीकडे झाला. दोन, पुनर्बांधणी म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हे. रेडिंगच्या उदाहरणात ती जुन्या साहित्यातून मांडलेली नवी रचनाच होती. तीन, आजच्या पुनरुज्जीवनात सुरक्षिततेचे गणित आणि ऐतिहासिक नोंद ही दोन्ही कर्तव्ये समान महत्त्वाची आहेत. आराखडे ग्रंथालयात टिकतात. पण तापवून बसविलेली चाकाची धाव, घट्ट ठोकलेला ताणबोल्ट आणि पाणीदर्शक नळीवर खिळलेली फायरमनची नजर ही विद्या कागदावर पूर्णपणे उतरत नाही. ती एका पिढीकडून दुसरीकडे कामातूनच जाते, आणि जुने इंजिन पुन्हा चालते करण्याचे खरे प्रयोजन बहुधा तेच आहे.