अंतराळस्थानकाची दारे कोठे असावीत?

टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक वही ठेवा. तिच्या कडेच्या बरोबर मध्यावर बोटाने हलकेच ढकला. वही सरळ पुढे सरकेल. आता त्याच कडेच्या टोकाशी तेवढाच धक्का द्या. या वेळी वही सरकता सरकता फिरेल. धक्क्याची रेषा वस्तुमानकेंद्रातून गेली तर वस्तू फिरत नाही, बाजूने गेली तर फिरते. टेबलावर घर्षणामुळे वही लगेच थांबते. अंतराळात मात्र तिला थांबवणारे काहीच नसते.

अंतराळस्थानकाच्या रचनेतील एका महत्त्वाच्या प्रश्नाची सुरुवात इथून होते. स्थानक एका उड्डाणात वर नेता येत नाही. तयार खोल्या, म्हणजे मॉड्यूल, एकेक करून पाठवून वर जोडाव्या लागतात. शिवाय माणसे आणि सामान घेऊन याने येत-जात राहतात. मग दारे किती ठेवायची आणि कोठे?

१९७१ साली सोव्हिएत रशियाने सोडलेल्या सॅल्यूत-१ या पहिल्या स्थानकाला एकच दार होते. अंतराळवीरांचे यान तेथे उभे राहिले की दुसऱ्या यानाला जागा नसे. त्यामुळे अन्न, पाणी, इंधन संपले की मुक्कामही संपणार! १९७७ च्या सॅल्यूत-६ ला मागच्या टोकाला दुसरे दार मिळाले. १९७८ च्या जानेवारीत प्रोग्रेस हे मालवाहू यान त्या दाराशी लागले आणि स्थानकाला प्रथमच वरच्यावर इंधन मिळाले. केवळ एका दाराने मुक्काम कितीतरी लांबला.

दोन्ही दारे स्थानकाच्या दोन टोकांना, मधल्या अक्षावर होती. येणाऱ्या यानाचा धक्का त्यामुळे वस्तुमानकेंद्राच्या रेषेतच बसे. याचा वेग सेकंदाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर असतो, पण यानाचे वस्तुमान कित्येक टन असते.

१९८६ च्या फेब्रुवारीत मीर स्थानकाचा मुख्य भाग वर गेला. त्याला सहा दारे होती. मागे एक आणि पुढच्या टोकावरील गोलाकार भागात पाच : एक समोर आणि चार चार बाजूंना. चौकात चार रस्ते मिळावेत तसा हा गोल होता. बाजूच्या दारांवर सुमारे वीस टनांची मॉड्यूले बसवायची होती, पण ती थेट बाजूने आणून टेकवली तर वहीच्या टोकाला बसला तसा धक्का बसणार. रशियन अभियंत्यांनी यावर साधी युक्ती काढली. मॉड्यूल आधी समोरच्या दाराला सरळ येऊन जोडले जाई. मग त्याच्यावरच असलेला एक छोटा यांत्रिक हात गोलावरील खाचेत अडकवून ते हळूहळू बाजूच्या दाराकडे वळवले जाई. समोरचे दार पुन्हा मोकळे!

१९८९ च्या डिसेंबरात क्वांत-२ असे बसले. स्थानक एका बाजूला जड झाले. पुढच्या जूनमध्ये क्रिस्ताल हे मॉड्यूल त्याच्या बरोबर समोरच्या दारावर बसवून तोल साधला गेला.

मात्र प्रत्येक सोयीची किंमत असते. १९८७ साली क्वांत-१ हे मॉड्यूल मागच्या दाराला जोडल्यावर मीरची मागच्या बाजूची मुख्य इंजिने वापरता येईनाशी झाली. पुढे स्थानक उंच ढकलण्याचे काम क्वांतच्या मागे लागणारी प्रोग्रेस याने करू लागली. १९९५ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अटलांटिस हे शटल आले तेव्हा आणखी एक अडचण होती. शंभर टनांच्या त्या यानाला सौर पंखांपासून दूर ठेवणे आवश्यक होते. त्यासाठी क्रिस्ताल तात्पुरते समोरच्या दारावर हलवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रिस्तालच्या टोकाला सुमारे ४.७ मीटर लांबीचा जोडभाग लावला गेला, तेव्हा ही हलवाहलव थांबली. दार असून भागत नाही, दारापुढे अंगणही लागते.

हे अंगण किती महत्त्वाचे, ते २५ जून १९९७ रोजी कळले. एक प्रोग्रेस यान दूरनियंत्रणाने मागच्या दाराकडे आणले जात होते. त्याचा वेग आवरला नाही. दार चुकवून ते बाजूच्या स्पेक्त्र मॉड्यूलवर आदळले आणि हवा बाहेर जाऊ लागली. स्थानकावर त्सिब्लियेव, लाझुत्किन आणि फोल हे तिघे होते. स्पेक्त्रचे दार बंद करणे हाच उपाय होता, पण दारातून वीजतारा गेलेल्या होत्या! त्या घाईने सोडवून, काही कापून, दारावर झाकण बसवले गेले. माणसे वाचली, स्थानकही वाचले. मात्र स्पेक्त्रच्या सौर पंखांची वीज तुटली. त्याच ऑगस्टमध्ये तारांच्या जोडण्या असलेले खास झाकण बसवून त्या विजेचा काही भाग परत मिळवण्यात आला. दार कोठे आहे याइतकेच ते झटकन बंद होते का, हेही महत्त्वाचे ठरले.

१९९८ पासून उभारलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात हे धडे दिसतात. तेथे अनेक मॉड्यूले लांब यांत्रिक हाताने उचलून अलगद दाराशी टेकवली जातात. त्यामुळे धक्क्याची चिंता कमी झाली, पण जागेची चणचण राहिलीच. २०१५ साली पृथ्वीकडे तोंड असलेले दार मालवाहू यानांसाठी मोकळे करायला लिओनार्दो हे मॉड्यूल दुसरीकडे हलवावे लागले. २९ जुलै २०२१ रोजी तर वहीचा प्रयोग प्रत्यक्ष घडला. स्थानकाच्या खालच्या बाजूला नुकत्याच जोडलेल्या नाऊका मॉड्यूलची छोटी इंजिने चुकून सुरू झाली. त्यांचा जोर वस्तुमानकेंद्रातून जात नव्हता. चारशे टनांहून जड स्थानक सुमारे दीड फेरा फिरले. दुसऱ्या भागांची इंजिने चालवून त्याला सावरावे लागले.

वर्गात विद्यार्थ्यांना सहा काडेपेट्या आणि थोडा डिंक द्या. एक पेटी मुख्य भाग मानून बाकीच्या जोडायला सांगा. अटी चार : तोल साधावा, एकाची सावली दुसऱ्याच्या सौर पंखांवर पडू नये, येणाऱ्या यानाला मोकळी वाट असावी, आणि एक खोली निकामी झाली तरी परतीच्या यानापर्यंत पोचता यावे. चारही अटी पुऱ्या होईनात म्हणून मुले भांडू लागली की समजावे, प्रश्न त्यांना कळला आहे.