फडावर निघताना गोळ्यांची पुडी

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या लिंबागणेश भागात बांधाबांध सुरू होते. पीठ, मीठ, भांडीकुंडी, कोयते, लेकरांचे कपडे, सगळं आठवणीने गाडीत चढतं. बीपीच्या गोळ्या मात्र घरी फळीवरच राहतात. म्हणून आज आपण काळजाबद्दल बोलणार आहोत.

बीपी म्हणजे रक्त नळ्यांमधून वाहताना नळीच्या भिंतीवर जो दाब देतं, तो. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४० आणि ९० किंवा त्याच्या वर आला तर बीपी वाढलं असं धरतात. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आतल्या आत हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडावर ताण येत राहतो. "मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" असं आपल्यातल्या कितीजणी म्हणतात! काही होत नाही ते गोळीमुळेच. ती मध्येच बंद केली की दाब पुन्हा चढतो.

आता ताणाचं पाहू. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे एकीने अंग टाकलं तरी खाडा दोघांचा. पहाटे भाकरी, मग फड, मोळ्या, गाडी भरणं, रात्री पुन्हा चूल. मन धास्तावलं की शरीर धावपळीच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, रक्तनळ्या आकसतात. वाघ दिसला तर हे कामाचं आहे. पण हाच धसका महिनोन्‌महिने राहिला, त्यात झोप अपुरी, तर काळीज झिजतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे, ती लपवून चालणार नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर पाळी जायच्या वयाआधीच ते संप्रेरक थांबतं जे बाईच्या हृदयाला काही प्रमाणात आधार देतं. म्हणून जिचं ऑपरेशन कमी वयात झालं आहे, तिने बीपी आणि साखर दरवर्षी तपासून घ्यावी. ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

तीस वर्षं झाली की प्रत्येकीने बीपी मोजायचं. सरकारी आरोग्य केंद्रात ते मोफत मोजतात, आशाताईला विचारा. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा नको आणि मिसरीही नको. मिसरी म्हणजे तंबाखूच. बोटाने दाताला लावली तरी रक्तात जाते आणि ठोके वाढवते. "त्याशिवाय पोट साफ होत नाही" हे आम्हीही घरोघर ऐकतो. सवय एका दिवसात सुटत नाही, पण आधी रात्रीची सोडा, मग दुपारची.

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान सपाट चमचा, त्यात सगळं आलं. फडावर कालवण कमी आणि ठेचा, लोणचं जास्त, तिथेच मीठ वाढतं. ठेच्यात मीठ कमी घालून शेंगदाणे वाढवले तरी भाकरी गोड लागते.

निघायच्या आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही इतके महिने बाहेर जाणार आहोत, जास्त दिवसांच्या गोळ्या द्या. गोळीचं नाव आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहून घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. पुडी संपली की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती चिठ्ठी दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पोटात बाळ असेल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा, कारण काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

ताणावर दीर्घ श्वास घ्या, असं कुणीही सांगेल. सावकाश श्वासाने ठोके उतरतात, हे खरं. पण उचलीचा हिशोब श्वासाने फिटत नाही. तो बचत गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा, निम्मी धास्ती तिथे कमी होते. आपल्या आज्या जात्यावर ओव्यांमधून मन मोकळं करायच्या. आता जातं गेलं, पण कोपीबाहेर दोघी-तिघी बसून बोलता येतं. झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारी टेलिमानस सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

शेवटचं. बाईला हृदयाचा झटका येतो तेव्हा दरवेळी छातीतच कळ येते असं नाही. दम लागतो, जबडा, पाठ किंवा हात दुखतो, मळमळतं, दरदरून घाम सुटतो, एकदम गळून जायला होतं. "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. तिला चालवू नका, बसवा आणि १०८ ला फोन करा. गाडीवाल्याला रस्ता सांगता यावा म्हणून फडाच्या गावाचं नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.