दोन कंट्रोलर, एकच व्हॉल्व्ह

प्रोसेस कंट्रोलच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘ओव्हरराइड कंट्रोल म्हणजे काय?’ उत्तरही ठरलेलं असतं: ‘सर, दोन लूप आणि मध्ये एक सिलेक्टर.’ उत्तर चूक नाही. पण ‘मग ज्याची निवड झाली नाही, तो कंट्रोलर त्या वेळी काय करतो?’ असा पुढचा चेंडू आला की भल्याभल्यांचा त्रिफळा उडतो. माझ्या मते खरा विषय तिथेच सुरू होतो. म्हणून हा लेखनप्रपंच!

मित्रांनो, होस्टेलचा पंप आठवा. वरच्या मजल्यांना भरपूर पाणी हवं असतं, पण खालची टाकी आटली की पंप हवा ओढू लागतो. हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पेट्रोल-डिझेलच्या पाइपलाइनवरील पंपिंग स्टेशनात येते. पंपाच्या पुढे एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. फ्लो कंट्रोलर तो कमी-जास्त उघडून ठरलेला प्रवाह राखतो. पण मागून येणारा माल कमी पडला की सक्शनचा दाब घसरतो. फारच घसरला तर द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलरमध्ये दाब वाढताच ते फुटतात. हेच कॅव्हिटेशन. पंपात खडे भरल्यासारखा आवाज येतो, इंपेलरला खड्डे पडतात, सील खराब होतं.

म्हणजे राखायच्या गोष्टी दोन आणि व्हॉल्व्ह एकच! एका व्हॉल्व्हने एका वेळी एकच गोष्ट राखता येते. म्हणून सक्शनच्या दाबासाठी दुसरा कंट्रोलर बसवतात आणि दोघांचे सिग्नल लो सिलेक्टरला देतात. जो सिग्नल कमी, तोच व्हॉल्व्हकडे जातो. (कॅस्केडशी गल्लत नको. तिथे एका कंट्रोलरचं आउटपुट दुसऱ्याचा सेट पॉइंट होतं. इथे दोघेही समान पातळीवर असतात.)

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअर. जास्त सिग्नल म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडा. सक्शनचा सेट पॉइंट 1.5 बार. नेहमीच्या वेळी दाब 1.8 बार आहे आणि फ्लो कंट्रोलर 14 मागतोय. दाब कंट्रोलरच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, म्हणून तो म्हणतो, ‘उघडा की अजून!’ सिलेक्टर 14 निवडतो.

आता खरी गोम. दाब सेट पॉइंटच्या वर आहे, म्हणजे एरर शून्य नाही. कंट्रोलरमधला इंटिग्रल ही एरर साठवत राहतो आणि 20 वर जाऊन बसतो. यालाच रिसेट वाइंडअप म्हणतात. उद्या दाब खरोखर 1.5 वर आला तरी आउटपुट 20 च्या आसपासच! ते 14 च्या खाली येईपर्यंत दाब आणखी बराच घसरतो. रखवालदार आहे, पण तो गाढ झोपलेला.

यावरचा उपाय म्हणजे एक्स्टर्नल रिसेट. सिलेक्टरमधून बाहेर पडलेला सिग्नलच दोन्ही कंट्रोलरच्या इंटिग्रलला परत द्यायचा. मग इंटिग्रल 20 वर न जाता 14 वर थांबतो, आणि वर फक्त प्रपोर्शनल भाग मिळवला जातो. समजा 0.1 बारला 1 मिलिअँपिअर. तर 1.8 बारला आउटपुट 14 + 3 = 17. 1.6 ला 15. 1.5 ला बरोबर 14, आणि त्याखाली जाताच दाब कंट्रोलर सूत्रं हाती घेतो. त्या क्षणी दोघांचे सिग्नल सारखे असल्याने व्हॉल्व्हला धक्काही बसत नाही. माल पुन्हा येऊ लागला की याच रीतीने फ्लो कंट्रोलर कारभार परत घेतो.

‘पण कमी दाबाला पंप ट्रिप करायची सोय असतेच की!’ असते, आणि ती हवीच. पण ट्रिप म्हणजे लाइन बंद. ओव्हरराइडमुळे प्रवाह थोडा कमी होतो, पण काम चालू राहतं. म्हणून ओव्हरराइडचा सेट पॉइंट ट्रिपच्या वर ठेवायचा असतो. ट्रिप ही शेवटची भिंत. ओव्हरराइड हे तिच्या आधीचं कुंपण.

ट्रेनिंगच्या काळात एका कारखान्यात (नाव नको!) मी असाच एक ओव्हरराइड कंट्रोलर मॅन्युअलवर, 100 टक्क्यांवर ठेवलेला पाहिला. लो सिलेक्टरला 100 टक्के देणं म्हणजे तो कंट्रोलर नसल्यातच जमा. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘हा मधूनच फ्लो पाडतो.’ अहो, फ्लो पाडणं हेच तर त्याचं काम! तेव्हा मित्रांनो, उद्या कंट्रोल रूममध्ये गेलात तर जो कंट्रोलर महिनोन् महिने काहीच करत नाही असं वाटतं, तो ऑटोमध्ये आहे ना, हे आधी बघा.